दुसऱ्या टोकाचा माणूस

मराठीत क्रिकेटवर विपुल लिहिले गेले आहे. वि. वि. करमरकरांनी मराठी वृत्तपत्रात खेळाला हक्काची जागा मिळवून दिली आणि खेळाडूंइतकीच संघटकांचीही झाडाझडती घेतली. शिरीष कणेकरांनी चाहत्याच्या वेडाला स्वतःची अशी भाषा दिली. द्वारकानाथ संझगिरींनी मैदानावरच्या खेळाला मैदानाबाहेरच्या किश्श्यांची जोड दिली. हे तिघेही आता आपल्यात नाहीत. पण त्यांच्यामुळे एक वाचकवर्ग तयार झाला आणि त्या वाचकवर्गासाठी दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत ‘अविस्मरणीय क्षण’ या धर्तीचे लेख आजही येत असतात. असे लेख मी आवडीने वाचतो, कात्रणे काढून ठेवतो. तरीही वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

या लेखांतल्या प्रत्येक क्षणात एकच माणूस उभा असतो. षटकार मारणारा, दहा बळी घेणारा किंवा चषक उंचावणारा. क्रिकेट हा तर मुळातच दोन टोकांचा खेळ आहे. फलंदाज जोडीने खेळतात, गोलंदाज दोन्ही बाजूंनी आळीपाळीने षटके टाकतात. एका टोकाला जे घडते ते दुसऱ्या टोकाच्या माणसामुळे घडते, निदान त्याच्या साक्षीने तरी घडते. आपल्या आठवणींतून नेमका हा दुसरा माणूस गळून पडतो. तो का गळतो, आणि तो गळाल्यावर आठवणीचे काय होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी रेडिओविषयी. मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन बाळ ज. पंडितांनी रुजवले. धावत्या वर्णनाची एक सक्ती असते. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून सांगणाऱ्याला सगळेच सांगावे लागते. गोलंदाज कोणत्या बाजूने येतो आहे, समोर कोण, दुसऱ्या टोकाला कोण, हे दर षटकाला सांगितल्याशिवाय श्रोत्याच्या डोळ्यांपुढे मैदान उभेच राहत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जुन्या सामन्यांच्या ज्या हकिकती मी ऐकल्या, त्यांत म्हणूनच नेहमी दोन नावे एकदम यायची. गावसकर आणि चौहान. विश्वनाथ आणि मोहिंदर. टीव्हीचा कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला आणि चौकटीत एकच माणूस मावू लागला. पंधरा सेकंदांचा तुकडा पुनःपुन्हा दाखवला जातो, त्यात चेंडू सुटतो, बॅट फिरते, गर्दी उसळते. त्या तुकड्यावर बेतलेला लेखही मग तेवढाच होतो.

पण सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकून चालणार नाही. ज्या खेळीचे चित्रीकरणच झालेले नाही, तिचे काय झाले ते पाहा. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिंबाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ होती. तिथून कपिल देवने १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या, १६ चौकार आणि ६ षटकार मारले. हे आकडे आपल्याकडच्या कुठल्याही चाहत्याला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. त्या सामन्याला कॅमेरा नव्हता, म्हणजे ही आठवण निव्वळ शब्दांवर टिकली आहे. शब्दांनी त्यात कुणाला ठेवले? रॉजर बिन्नीच्या २२ धावा आणि मदनलालच्या १७ धावा क्वचित येतात. आठवा गडी बाद झाला तेव्हा धावसंख्या १४० होती. साठ षटके संपली तेव्हा ती २६६ होती आणि गडी आठच बाद होते. मधल्या अभेद्य १२६ धावांत दुसऱ्या टोकाला सय्यद किरमाणी होते, नाबाद २४. एकदिवसीय क्रिकेटमध्ये नवव्या विकेटची ही भागीदारी २०१० सालापर्यंत विक्रम म्हणून टिकून होती. भारत तो सामना ३१ धावांनी जिंकला. किरमाणी लवकर बाद झाले असते तर कपिलच्या १७५ धावा झाल्याच नसत्या, आणि पुढचे लॉर्ड्सही कदाचित झाले नसते.

त्याच स्पर्धेत सर्वोत्कृष्ट यष्टिरक्षकाचा मान किरमाणींना मिळाला. पण ‘अविस्मरणीय क्षणां’च्या लेखांत त्यांच्या वाट्याला बहुधा एक वाक्य येते, ‘किरमाणीने मोलाची साथ दिली.’ हे ‘मोलाची साथ’ प्रकरण मला फार संशयास्पद वाटते. मराठीत ज्याच्याविषयी लिहायला लेखकाने कष्ट घेतलेले नसतात, त्याने नेहमी मोलाची साथ दिलेली असते. २०२१ साली ‘८३’ हा चित्रपट आला, त्यात ही हरवलेली खेळी पडद्यावर पुन्हा उभी केली गेली. चित्रपटाला नायक लागतो, नटाला टाळ्या लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण लेखणीला तशी काही अडचण नसते. आखाड्यातल्या गप्पा आठवून पाहा. अमक्याने तमक्याला चीत केले, असे सांगताना आपला खेडूत माणूस दोन्ही पैलवानांची नावे, तालमी आणि वस्ताद सांगतो. हरणाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय जिंकणाऱ्याची कुस्ती सांगताच येत नाही, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. हा गुण आपण क्रिकेट लिहिताना कुठे ठेवून आलो, कळत नाही.

आता शारजाकडे येतो. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार. ऑस्ट्रल-आशिया चषकाचा अंतिम सामना. मी तेव्हा जन्मलेलोही नव्हतो, तरी हा सामना मला पाठ आहे. उर्दू शिकवणारा माणूस असल्यामुळे सवयीने सांगतो, ही माझ्याकडे रिवायत म्हणून आलेली आठवण आहे, आणि रिवायतीची किंमत रावीवर ठरते. माझे रावी म्हणजे माझे अब्बा. ते सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. ज्या घरी टीव्ही होता त्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी तो सामना पाहिला.

सामन्याचा तपशील असा. भारताने ५० षटकांत ७ बाद २४५ धावा केल्या. पाकिस्तानला शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. चेंडू चेतन शर्माच्या हाती होता. षटकाची सुरुवात होताच वासीम अक्रम धावचीत झाला. जावेद मियांदादने एक चौकार मारला, मग एक धाव घेतली. चौथ्या चेंडूवर चेतनने झुल्करनैनचा त्रिफळा उडवला. आता दोन चेंडू, पाच धावा आणि समोर शेवटचा गडी तौसिफ अहमद. त्याने चेंडू ढकलला आणि तो जीव घेऊन पळाला. अझरुद्दीनची फेक यष्ट्यांना लागली नाही. अशा रीतीने मियांदाद शेवटच्या चेंडूला समोर आला. चार धावा हव्या होत्या. चेतनने यॉर्कर टाकायला घेतला, तो फुलटॉस पडला आणि मियांदादने षटकार मारला. नाबाद ११६.

बहुतेक लेख इथे संपतात. फार तर ‘तो घाव आजही भळभळतो’ असे एक वाक्य त्यापुढे असते. अब्बांची रिवायत वेगळी होती. ते सुरुवातच चेतन शर्माच्या वयाने करायचे, ‘बीस साल का लडका था.’ मग तौसिफची धाव. ती सांगताना ते ओट्यावरून उठून दोन पावले पळून दाखवायचे. मियांदादचा षटकार त्यांच्या सांगण्यात फार लवकर उरकायचा. मोठा झाल्यावर मला त्याचे कारण समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईक आले आणि पंक्चर काढून होईपर्यंत अब्बांच्या तोंडाकडे पाहत राहिले. विचारले काहीच नाही. अब्बा म्हणायचे, विचारले असते तर बरे झाले असते. गॉर्डन ग्रीनिजच्या खेळीची तारीफ ते चारचौघांत मोकळेपणाने करू शकत होते. मियांदादची तारीफ करायची तर आधी आजूबाजूला पाहावे लागे. म्हणून त्यांनी सामना सांगण्याची दुसरी वाट काढली, गोलंदाजाच्या बाजूने. मला वाटते, त्यामुळेच ती माझ्या ऐकण्यातली या सामन्याची सर्वांत न्याय्य हकिकत ठरली.

इथे आपल्या लेखकांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण हा अंक आपला आहे. मुख्य प्रवाहातल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत भारत-पाक सामना आला, की मोहल्ल्यात फटाके वाजतात. ही ठरीव युक्ती आहे आणि तिचा आपण निषेध करतो, तो योग्यच आहे. पण आपल्या कथांत तरी काय होते? माझ्या वाचनात जे आले त्यात सामना फक्त निष्ठेची परीक्षा म्हणून येतो. नायक मुसलमान असतो, तो भारताच्या विजयावर सर्वांत मोठ्याने ओरडतो, आणि तरी त्याच्यावर संशय घेतला जातो. वेदना खरी आहे. पण या कथांत क्रिकेट कुठे आहे? कुणाचा कव्हर ड्राइव्ह त्या मुलाला आवडतो? तो कुणासारखी गोलंदाजी टाकून बघतो? कोणता झेल सुटला म्हणून त्याला रात्री झोप लागत नाही? संशय घेणाऱ्याने त्या मुलाचा खेळ हिरावून घेतला, आणि आपण लिहिताना तो परत दिला नाही. अब्बांच्या हकिकतीत तौसिफची पळापळ होती, चेतनचे वय होते. आपल्या कथांत ते तपशील नाहीत म्हणून त्या वक्तव्यासारख्या वाटतात.

चेतन शर्माचे पुढे काय झाले, हे त्या एका चेंडूने झाकून टाकले आहे. शारजानंतर तीनच महिन्यांत, त्याच १९८६ च्या उन्हाळ्यात, त्याने इंग्लंडमध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत १० बळी घेतले. इंग्लंडमध्ये एका कसोटीत दहा बळी घेणारा दुसरा भारतीय गोलंदाज सापडायला २०२५ साल उजाडावे लागले, तो आकाश दीप, मैदान तेच. आणि ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आपल्या नागपुरात, न्यूझीलंडविरुद्ध, चेतनने विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली. रुदरफोर्ड, इयान स्मिथ, चॅटफिल्ड, तिघेही त्रिफळाचीत. झेल नाही, पायचीत नाही, पंचांकडे पाहायचे कामच ठेवले नाही. तोच हा यॉर्करची वाट चुकलेला मुलगा. पण नागपूरचा तो दिवस आठवणारे गावसकरांसाठी आठवतात. त्या दिवशी त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या, आणि कारकिर्दीतल्या शेवटून दुसऱ्या एकदिवसीय सामन्यात त्यांचे या प्रकारातले पहिले व एकमेव शतक झाले. मोठाच योग होता, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. चेतन मात्र आपल्या सर्वांत मोठ्या दिवशीही दुसऱ्या टोकालाच राहिला.

शाळेतला एक अनुभव सांगतो. आठवीच्या वर्गाला मी ‘खेळातला न विसरता येणारा प्रसंग’ या विषयावर मजमून लिहायला दिला होता. बहुतेक वह्यांत २०११ च्या अंतिम सामन्यातला धोनीचा षटकार निघाला. ज्या वर्षी तो षटकार बसला, त्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी ही मुले जन्मलेली. त्यांनी तो मोबाइलवर पाहिलेला, आणि वर्णन सगळ्यांचे एकसारखे. एका मुलाने मात्र गावच्या टेनिस बॉल स्पर्धेविषयी लिहिले होते. त्याला बॅट मिळत नाही, म्हणून तो धावफलकावर पत्र्याचे आकडे लावायला बसतो. त्याने लिहिले होते की शेवटचा षटकार मारणाऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतले, पण त्याआधीच्या दोन षटकांत त्याच्या जोडीदाराने एकेक धाव करून नऊ वेळा पळ काढला होता, आणि ते नऊही आकडे मी बदलले म्हणून मला माहीत आहे. मी ती वही दोनदा वाचली. आकडे बदलणाऱ्याला सामना आपल्यापेक्षा जास्त दिसतो.

आता चेन्नईविषयी. दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी दिल्लीची खेळपट्टी उखडली होती, त्यामुळे १९९९ च्या जानेवारीत पहिली कसोटी चेन्नईला खेळवली गेली. भारताला विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. ५ बाद ८२ वरून सचिन तेंडुलकर आणि नयन मोंगिया यांनी १३६ धावांची भागीदारी केली. सचिनच्या त्या १३६ धावा, त्याची दुखरी पाठ, सतरा धावा उरल्या असताना सकलेनच्या चेंडूवर वासीम अक्रमच्या हाती गेलेला झेल, या सगळ्यावर मराठीत पुष्कळ आणि चांगलेही लिहिले गेले आहे. मोंगियाचे अर्धशतक त्यात ‘मोलाची साथ’ झाले आहे. तीन गडी शिल्लक होते, पुढच्या चार धावांत तेही गेले. भारत १२ धावांनी हरला.

आणि मग चेपॉकचे प्रेक्षक उभे राहिले. पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली आणि हजारो लोकांनी उभ्याने टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. टीव्हीसमोर बसलेले अब्बा एकाएकी टाळ्या वाजवू लागले, मोठ्याने, दार उघडे असताना. शारजापासून तेरा वर्षे झाली होती. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना विचारले तर ते चेन्नईच्या सामन्यातला क्षण म्हणून सचिनचा झेल सांगतील. मला विचाराल तर तो क्षण टाळ्यांचा आहे, आणि त्याचा नायक चौकटीत मावत नाही, कारण तो गॅलरीत पसरलेला आहे.

या टाळ्यांचेही लगेच स्मारक करू नये. तीनच आठवड्यांनी कोलकात्यात, सचिन धावचीत झाल्यावर प्रेक्षक इतके भडकले की शेवटी स्टेडियम रिकामे करून सामना संपवावा लागला. मधल्या काळात दिल्लीत, ७ फेब्रुवारीला, अनिल कुंबळेने ७४ धावांत दहाही बळी घेतले. तिथे दुसऱ्या टोकाकडून जवागल श्रीनाथ गोलंदाजी करत होता. नऊ गडी बाद झाल्यावर त्याने आपल्या षटकात चेंडू यष्ट्यांच्या बाहेर लांब टाकले, बळी मिळू नये म्हणून. वेगवान गोलंदाजाने बळी न मिळण्यासाठी गोलंदाजी करायची! क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाच्या माणसाने केलेले याहून अवघड काम मला ठाऊक नाही. सुदैवाने हे बऱ्याच लेखांत येते, पण विनोदी किस्सा म्हणून.

धोनीच्या षटकाराविषयी माझी तक्रार नाही. २ एप्रिल २०११ च्या रात्री मीही रस्त्यावर होतो आणि अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. पण त्या सामन्याची पहिली गोष्ट वानखेडेवर दुपारीच घडली होती. श्रीरामपूरचा झहीर खान नवा चेंडू घेऊन आला आणि त्याने सुरुवातीची तीन षटके लागोपाठ निर्धाव टाकली. पहिल्या टप्प्याअखेर त्याचे आकडे होते पाच षटके, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ते सुद्धा घरच्या मैदानावर. शेवटच्या षटकांत त्याला चोप बसला आणि धावफलकावर १० षटकांत ६० धावा असा हिशेब लागला, त्यामुळे सकाळच्या वृत्तपत्रात ती पाच षटके बुडून गेली. स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले होते, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून निघालेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाच्या त्या पाच षटकांवर मराठीत एक सविस्तर लेख माझ्या वाचनात अजून आलेला नाही. तो आपल्यापैकी कुणी लिहावा. झहीर आपला आहे म्हणून ऊर भरून आल्याचे त्यात नसले तरी चालेल. चेंडू कुठे पडत होता, उपुल थरंगा कसा बांधला गेला आणि स्लिपमध्ये सेहवागच्या हाती कसा गेला, हे असावे. आणि दुसऱ्या टोकाकडून श्रीशांत गोलंदाजी करत होता, त्याच्या आठ षटकांत ५२ धावा गेल्या आणि बळी एकही मिळाला नाही, हेही त्यात यावे.